सेकंडहँड रिमोट कारला बॅटरी शोधताय? आधी मोजा, मग बाजारात जा

जुन्या बाजारात, ओएलएक्सवर, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गाडी एकदम मस्त आहे, फक्त बॅटरी नाही" असं सांगून विकायला काढलेल्या रिमोट कार भरपूर दिसतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच गाड्या खरंच मस्त असतात. मुलं मोठी होतात, गाडी माळ्यावर जाते, बॅटरी पडून पडून मरते, चार्जर कुठेतरी हरवतो, आणि मग घर आवरताना ती मातीमोल भावात निघते. घेणाऱ्याला वाटतं काय, बॅटरीच तर टाकायचीये, मिळेल कुठेही.

आणि मग तो दुकानात जाऊन म्हणतो, "दादा, रिमोटच्या गाडीची बॅटरी आहे का?" दुकानदार वर न बघता विचारतो, "किती व्होल्टची? पिन कोणती?" संपला विषय.

नवीन लोकांचं इथेच अडतं, कारण सगळे गाडीच्या नावाने बॅटरी शोधतात. खोक्यावर काय लिहिलंय, गाडीच्या बॉनेटवर काय स्टिकर आहे, ते गूगलला टाकायचं आणि काहीच सापडत नाही म्हणून वैतागायचं. अहो, ती एकच चिनी गाडी दहा वेगवेगळ्या नावांनी दहा खोक्यांत विकली जाते, नावाला काही अर्थ नाही. चार गोष्टी माहीत हव्यात: व्होल्ट किती, सेल कोणत्या जातीचे, माप काय आणि पिन कोणती. याच क्रमाने. या चार गोष्टी कागदावर लिहून नेल्यात तर गाडीचं नाव कोणी विचारणारही नाही.

पहिलं काम: गाडी जिवंत आहे का?

बॅटरी घेण्याआधी हे करा, प्लीज. बॅटरी आणि चार्जर मिळून चार-पाचशे रुपये घालवल्यावर कळलं की आतली सर्किटच जळालीये, तर मग काय उपयोग.

सुरुवात रिमोटपासून. रिमोट नसेल तर बॅटरीच्या भानगडीत पडूच नका, कारण हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या खेळण्यांचा रिमोट आणि गाडी ही जोडी ठरलेली असते, दुसऱ्या गाडीचा रिमोट साधारणपणे चालत नाही. जुन्या, लांब ओढायच्या अँटेनावाल्या गाड्यांमध्ये २७, ४० किंवा ४९ मेगाहर्ट्झ असं काहीतरी असतं, ते गाडीच्या पोटावर आणि रिमोटच्या मागे दोन्हीकडे लिहिलेलं असतं, दोन्ही आकडे सारखे आहेत का ते बघा. बाजारात ढिगातून गाडी घेताना भलताच रिमोट सोबत येणं अजिबात नवल नाही. २७ चा रिमोट ४० च्या गाडीला काही केल्या चालणार नाही.

मग रिमोटचं झाकण उघडा. आत स्प्रिंगवर पांढरी पावडर किंवा हिरवट थर असेल तर जुने सेल फुटून गळलेत. अल्कलाइन सेलचा पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबू घेऊन घासा, फसफसेल, मग पुसून पूर्ण वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा. ती पावडर बोटांनी खरवडू नका आणि पोरांना तर हात लावूच देऊ नका. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर जुन्या टॉर्चची नाहीतर दुसऱ्या खेळण्याची काढून बसवता येते.

आता गाडी. गाडीत बॅटरीची वायर आणि पिन असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चार पेन्सिल सेलचा होल्डर मिळतो, काळा प्लास्टिकचा, लाल-काळी वायर निघालेला, अगदी किरकोळ किमतीत. त्यात चार नवे अल्कलाइन सेल टाका म्हणजे झाले ६ व्होल्ट, आणि त्या वायरी गाडीच्या पिनला तात्पुरत्या लावून बघा (प्लस-मायनस कसं ओळखायचं ते खाली सांगतो, ते वाचल्याशिवाय लावू नका). गाडी पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा म्हणजे चाकं हवेत राहतील, रिमोट चालू करा, थ्रॉटल द्या. चाकं फिरली, पुढची चाकं डावी-उजवीकडे वळली, तर गाडी ठीक आहे. मूळची ७.२ किंवा ७.४ व्होल्टची गाडी असेल तर ६ व्होल्टवर जरा मंद चालेल, चालू दे, आपल्याला फक्त जीव आहे का तेवढंच बघायचंय.

इथे भिंतीवरच्या घड्याळाला घालतो ते साधे स्वस्त सेल वापरू नका. त्यांच्यातून मोटरला लागतो तेवढा करंट निघतच नाही, थ्रॉटल दिलं की व्होल्टेज धाडकन पडतं, गाडीचे लाइट विझतात, रिसीव्हर रिसेट होतो आणि गाडी नुसती झटके देत बसते. मग लोक म्हणतात गाडी बिघडलेलीये. गाडीला काही झालेलं नसतं.

व्होल्ट किती, हे कुठे वाचायचं

जुनी बॅटरी आत असेल तर सोपं आहे, तिच्यावरच्या प्लास्टिकच्या वेष्टणावर छापलेलं असतं. रंग उडाला असेल तर मोबाइलची टॉर्च तिरकी धरून वाचा, बहुतेक वेळा सापडतं. बॅटरी नसेल तर गाडी उलटी करा, झाकणाच्या आत किंवा पोटावर प्लास्टिकमध्येच उठावाची अक्षरं असतात, "४ × १.५ व्होल्ट एए" असं काहीतरी (एए म्हणजे आपला पेन्सिल सेल). तिथेही नाही? मग जुना चार्जर असेल तर त्याच्या मागचं आउटपुट वाचा. ४.८ व्होल्ट २५० मिलिअँपिअर लिहिलं असेल तर पॅक ४.८ चा, ७.२ असेल तर ७.२ चा.

हे आकडे असे विचित्र का, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. निकेलवाल्या रिचार्जेबल सेलचं एकाचं व्होल्टेज १.२ असतं. म्हणून ३ सेल म्हणजे ३.६, ४ म्हणजे ४.८, ५ म्हणजे ६, ६ म्हणजे ७.२ आणि ८ म्हणजे ९.६. लिथियमवाल्याचं एकाचं ३.७, म्हणून एक सेल ३.७, दोन ७.४, तीन ११.१. म्हणजे नुसता आकडा बघूनही आत किती आणि कोणत्या जातीचे सेल आहेत ते सांगता येतं. बॅटरी चेपलेली, लेबल गेलेलं, तरी वेष्टणावरून बोट फिरवून सेलचे उंचवटे मोजा. पेन्सिल सेलएवढे चार उंचवटे लागले तर ती बहुतेक ४.८ व्होल्टची असणार.

आणि गाडीत वायर-पिन काही नाहीच, नुसते चार सेलचे खण आहेत, तर तुम्ही नशीबवान आहात. चार चांगले रिचार्जेबल एए सेल, त्यांचा चार्जर, काम झालं, बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल. फक्त एक धोका वाचून जा: १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला आणि मापाला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, १४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब, पण तो ३.७ व्होल्टचा. असे चार त्या खणांत घातले तर १४.८ व्होल्ट होतात आणि ६ व्होल्टच्या गाडीचं सर्किट तिथल्या तिथे धूर काढतं. सेलवर ३.७ दिसलं की खाली ठेवायचा.

जात: निकेल की लिथियम

खेळण्यांत साधारण तीन प्रकार सापडतात. जुन्या गाड्यांत निकेल-कॅडमियम, वेष्टणावर एनआय-सीडी लिहिलेलं. त्यानंतरच्या गाड्यांत निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे एनआय-एमएच. आणि हल्लीच्या बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवाल्या गाड्यांत लिथियम, एकतर गोल सेलवाला लिथियम-आयन नाहीतर चपट्या पाकिटासारखा लिथियम पॉलिमर, ज्याला सगळे लिपो म्हणतात.

कोणाच्या जागी काय चालतं? कॅडमियमच्या जागी मेटल हायड्राइड बिनधास्त टाका, सेलचं व्होल्टेज तेच असतं, शिवाय कॅडमियम विषारी धातू, तो घरात नसलेलाच बरा. ४.८ च्या जागी ६ व्होल्टचा पाच सेलचा पॅक, हे गाडीवर मूळचं चार साध्या सेलचं चित्र असेल तर चालून जातं, कारण चार साधे सेल म्हणजे तसेही ६ व्होल्टच. पण मग चार्जरही ६ व्होल्टचा लागतो, हे विसरू नका.

४.८ किंवा ६ च्या जागी ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक मात्र टाकू नका. यूट्यूबवर बघाल तर पोरं टाकतात आणि गाडी सुसाट पळते हेही खरं. पण फुल चार्ज केलेला ७.४ चा पॅक ८.४ व्होल्ट देतो, आणि आतली ती छोटी मोटर आणि तिला चालवणारे बारके ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. दोन-चार फेऱ्या मस्त होतात, मग जळका वास येतो.

७.२ च्या निकेल पॅकऐवजी ७.४ चा लिथियम हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. व्होल्टेजच्या हिशोबाने चालतं, सहा निकेल सेल नुकते चार्ज केले की तेही साडेआठच्या आसपासच असतात. अडचण वेगळीच आहे. जुन्या गाडीला बॅटरी कुठे थांबवायची ते कळत नाही. निकेल पॅक संपत आला की गाडी हळू हळू मंद होते, तुम्ही थांबता, बॅटरीचं फारसं बिघडत नाही. लिथियमचं तसं नाही, तो शेवटपर्यंत जोरात पळवतो, आणि एका सेलचं व्होल्टेज ३ च्या खाली गेलं की आतून खराब व्हायला लागतो, पुढच्या चार्जिंगला फुगतो. लिथियमसाठी बनवलेल्या गाडीच्या सर्किटमध्ये कट-ऑफ असतो, म्हणजे व्होल्टेज फार पडलं की गाडी आपोआप बंद होते, जुन्यात तो नसतो. म्हणून जुन्या गाडीत लिथियम टाकायचाच असेल तर आत प्रोटेक्शन बोर्ड असलेलाच पॅक घ्या. तो असला की व्होल्टेज फार पडल्यावर किंवा चाक अडकून करंट फार वाढल्यावर पॅक स्वतः बंद होतो. गाडी अचानक मेल्यासारखी थांबली तर घाबरू नका, गाडी बंद करा, पिन काढून परत लावा. तेवढ्यानेही नाही उठला तर चार्जरला लावा, मग सुरू होतो.

माझं मत विचाराल तर पोरांच्या हातातल्या जुन्या गाडीला निकेलच बरा. वजनाने जड, पळायला थोडा कमी, पण पडला, आपटला, महिनाभर विसरला तरी सहन करतो.

जुनी बॅटरी खरंच मेलीये का, तेही बघून घ्या

यासाठी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लागतो. पिवळा, गोल खटका फिरवायचा, सगळ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, दोन-अडीचशेच्या आसपास, आणि घरात कायम उपयोगी पडतो. डीसी व्होल्टच्या २० वर खटका ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

निकेल पॅक आधी चार्ज करून तासभर बाजूला ठेवा आणि मग मोजा. ४.८ चा पॅक पाचच्या वर दाखवत असेल तर निदान सगळे सेल जिवंत आहेत. ३.९ च्या आसपासच अडकलाय तर चारपैकी एक सेल शॉर्ट होऊन मेलाय, म्हणजे त्याच्या वाट्याचं व्होल्टेज गेलं. ही युक्ती सगळ्या निकेल पॅकना लागू पडते, साधारण एका सेलएवढी तूट दिसली तर एक सेल गेला. सव्वापाच दाखवतो पण गाडीत लावल्यावर दोन मिनिटांत संपतो, तर सेल म्हातारे झालेत, आतला रेझिस्टन्स वाढलाय, नवीनच घ्या.

लिथियमचा ७.४ चा पॅक चारच्या आसपास दाखवत असेल तर एक सेल गेला. फुगलेला असेल, बोटाने दाबल्यावर उशीसारखा मऊ लागत असेल, गोडसर वास येत असेल, तर मोजायलाही बसू नका. चार्ज तर अजिबात करायचा नाही. बाहेर, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा.

माप आणि पिन

पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि खणाची लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये लिहा. खोली मोजताना झाकणाच्या आतल्या बाजूला ज्या रेघा असतात त्या पॅकवर टेकतात, तेवढी जागा सोडा, आणि वायर वळायलाही जागा लागते हे लक्षात ठेवा. एए सेल साडेचौदा मिमी जाड आणि पन्नास मिमी लांब, त्यामुळे चार सेल एका ओळीत चिकटवलेला पॅक साधारण ५८ × ५० × १५ भरतो. तेच चार सेल दोनावर दोन असे चौकोनी रचले तर ३० × ३० × ५०. व्होल्ट तेच, एमएएच (बॅटरीत किती मावतं तो आकडा) तेच, पण एक तुमच्या खणात बसेल आणि दुसरा बसणार नाही. ऑनलाइन मागवताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, आणि बॅटऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी रिटर्न नसतो. छोट्या गाड्यांत एएए, म्हणजे रिमोट कंट्रोलचे बारीक सेल, नाहीतर २/३ एए नावाचे बुटके सेल असतात. मोठ्या १:१० स्केलच्या गाड्यांत सब-सी नावाचे जाडजूड सेल, सहा सेलची लांब पट्टी. लिथियममध्ये १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ लांब, नावातच माप आहे.

आता पिन. खेळण्यांत सगळ्यात जास्त दिसते ती एसएम, काळी नाहीतर पांढरी, वर एक छोटी लॉकची पट्टी असते ती दाबल्याशिवाय निघत नाही. लाल बारकी असते तिला दुकानात जेएसटी म्हणतात. मोठी पांढरी दोन भोकांची टामिया, तिची छोटी बहीण मिनी टामिया. मोठ्या गाड्यांत लाल टी-प्लग, जिला डीन्स म्हणतात, आणि पिवळी एक्सटी६०. नावं पाठ करायची काही गरज नाही. पिनचा समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि दुकानदाराला दाखवा. बाजारातला माणूस फोटो बघून सेकंदात ओळखतो. आणि नर-मादी बघायला विसरू नका, गाडीच्या बाजूला कोणती आहे त्याच्या उलटी बॅटरीला लागते.

पिन जुळलीच नाही तर? पॅक बरोबर असेल तर पिन बदलता येते, त्यासाठी पॅक सोडू नका. दोन रुपयांच्या पिनपायी चांगली बॅटरी नाकारणारे लोक बघितलेत. जुन्या मेलेल्या बॅटरीची पिन तीन-चार इंच वायरसकट कापून घ्यायची आणि नव्या पॅकला जोडायची. पण नव्या पॅकच्या दोन्ही वायरी कात्रीत एकदम धरून कापू नका, कात्रीचं पातं दोन्हींना टेकलं की शॉर्ट होऊन ठिणगी उडते आणि पॅकचं नुकसान होतं. एक वायर कापा, श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आधीच वायरीत ओवून ठेवा, जोडा, सोल्डर करा, ट्यूब जोडावर सरकवून गरम करा, मगच दुसरीला हात लावा. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल रिपेअरवाला पाच मिनिटांत करून देतो.

प्लस-मायनस: इथे घाई नको

पिन नीट बसली म्हणजे प्लस-मायनसही बरोबर असेल असं धरून चालू नका. स्वस्त पॅकमध्ये तीच एसएम पिन, तोच आकार, पण आतल्या वायरी उलट, असं सर्रास सापडतं. आणि वायरीच्या रंगावर तर विश्वास ठेवूच नका, कारखान्यात त्या दिवशी जी वायर हाताला लागली ती जोडली असाही प्रकार असतो. उलटी लागली की साधारण खेळण्याचं सर्किट एका क्षणात जातं, फ्यूज वगैरे काही नसतो.

नव्या पॅकचं मल्टिमीटरने कळतं: लाल काडी ज्या टोकाला लावल्यावर आकडा मायनसच्या चिन्हाशिवाय येतो ते प्लस. गाडीच्या बाजूचं ओळखायला पोटाचे चार स्क्रू काढा आणि वायरी सर्किटवर कुठे जातात ते बघा, बऱ्याचदा तिथे बी प्लस, बी मायनस असं छापलेलं असतं. नसेल तर सर्किटवर एखादा उभा नळकांड्यासारखा कपॅसिटर असतो, त्याच्या एका बाजूवर उभी पट्टी असते, ती मायनसची बाजू. मल्टिमीटर बीपवर ठेवा (बॅटरी लावलेली नको), एक काडी कपॅसिटरच्या त्या पायाला आणि दुसरी गाडीच्या पिनच्या एकेका टोकाला लावा. जिथे लांब बीप वाजेल ते मायनस.

उलट निघालं तर वायर कापायचीही गरज नाही. एसएम पिनच्या प्लास्टिकच्या घरात धातूची टोकं बारीक जिभलीने अडकवलेली असतात, जाड सुईने ती जिभली दाबा, वायर मागून ओढली की टोक बाहेर येतं. एक टोक काढलं की त्यावर लगेच टेप लावा, मग दुसरं काढा, अदलाबदल करून परत खट्ट आवाज येईपर्यंत सारा.

एमएएचचा आकडा

हा सगळ्यात शेवटी बघायचा, आणि लोक सगळ्यात आधी बघतात. एमएएच म्हणजे टाकी किती मोठी. जास्त घेतला तर गाडीला काही होत नाही, फक्त जास्त वेळ चालते. सरासरी अडीच अँपिअर घेणारी गाडी ७०० एमएएचवर पंधरा-सतरा मिनिटं पळते, १४०० वर तेच दुप्पट. माप तेच ठेवून जेवढा मिळेल तेवढा घ्या.

फक्त अशक्य आकड्यांना भुलू नका. १८६५० च्या एका सेलमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलाही साडेतीन हजारांच्या आसपासच बसवता येतं, त्यामुळे ९९०० लिहिलेला सेल ही शुद्ध थाप आहे. हातात घेऊन बघा, खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतो, थापाडा सेल हलका लागतो. एए निकेलमध्ये अडीच हजारांच्या फार वर गेलेला आकडा दिसला तरी तेच समजा. आणि एक, सेल ओळीने जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच नाही. १५०० चे दोन सेल ओळीत म्हणजे ७.४ व्होल्ट आणि १५००च, तीन हजार नव्हे. विकणारा बेरीज करून सांगत असेल तर त्याला माहीत नाही किंवा त्याला वाटतं तुम्हाला माहीत नाही.

कुठे मिळेल

पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे आधी खेळण्यांच्या नाही, तर इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या आणि बॅटरीच्या दुकानात विचारा. खेळण्यांचा दुकानदार नवीन गाडी विकायच्या मूडमध्ये असतो. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. दुपारी जेवणाच्या वेळेतही नको, आणि गर्दीत "बॅटरी आहे का" असं न विचारता थेट सांगा: "चार पॉइंट आठ व्होल्ट, एए, एका ओळीत, एसएम पिन, मादी." त्यानंतर तुमच्याशी बोलायची पद्धतच बदलते.

लहान गावात असाल तर जरा डोकं लावावं लागतं. कॉर्डलेस फोनची बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा तीन एएए निकेल सेल, ३.६ व्होल्ट, छोट्या गाडीला चालून जाते. इंजिनिअरिंग कॉलेज जवळ असेल तर आसपास रोबोटिक्सचं सामान विकणारं दुकान शोधा, तिथे लिपो आणि त्याचे चार्जर असतातच. आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशीन असतं, तो निकेलच्या पट्ट्या लावून तुम्हाला हव्या त्या आकाराचा पॅक बांधून देऊ शकतो. घरी सोल्डरिंग गनने थेट सेलच्या टोकावर सोल्डर मारायला जाऊ नका, उष्णतेने आतलं सील जातं. घरीच करायचं असेल तर आधीपासून पट्टी लावलेले सेल मिळतात, ते घ्या.

ऑनलाइन शोधताना गाडीचं नाव नको, "७.४ व्होल्ट १५०० एमएएच एसएम प्लग" असं टाका, आणि फोटोत मापं दिली नसतील तर विक्रेत्याला विचारा. लिथियम विमानाने पाठवायचे नियम कडक आहेत, त्यामुळे पार्सल रस्त्याने येतं आणि वेळ लागतो. वाढदिवस परवावर आलाय म्हणून मागवत असाल तर सरळ दुकान गाठा. पॅकवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नंबर छापलेला असेल तर बरं.

चार्जर

गाडीसोबत चार्जर नव्हताच असं गृहीत धरू, कारण बहुतेक वेळा नसतोच.

निकेल पॅकचे साधे भिंतीत लावायचे चार्जर असतात, २५० मिलिअँपिअरवाले. त्यांना बॅटरी भरली हे कळत नाही, ते देतच राहतात. म्हणून वेळ आपण काढायची: एमएएच भागिले चार्जरचे मिलिअँपिअर, गुणिले १.४. म्हणजे ७०० चा पॅक २५० च्या चार्जरवर साधारण चार तास, १४०० चा आठ तास. मोबाइलवर अलार्म लावा. रात्री लावून झोपायचं नाही. पॅक कोमट लागला तर ठीक, हाताला चटका बसला तर लगेच काढा. नवा निकेल पॅक पहिल्या एक-दोन वेळा कमी चालतो, दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून वापरला की सुधारतो.

आता खरा धोका. त्या निकेलच्या चार्जरची एसएम पिन लिथियम पॅकच्या एसएम पिनमध्ये व्यवस्थित बसते. बसते म्हणून लावू नका. लिथियमला एका सेलमागे ४.२ व्होल्टला थांबवणारा चार्जर लागतो, निकेलवाला थांबत नाही, आणि मग आग लागते, नुसती गाडी जळण्यावर भागत नाही. घरात दोन्ही प्रकारचे पॅक असतील तर चार्जरवर मार्करने मोठं लिहून ठेवा. लिथियमच्या दोन सेलच्या पॅकला बऱ्याचदा दुसरी एक छोटी पांढरी तीन वायरींची पिन असते, ती बॅलन्सची, दोन्ही सेल सारखे भरावेत म्हणून. चार्जरला ती पिन लावायची सोय असेल असाच घ्या. फरशीवर चार्ज करा, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि आपण घरात जागे असताना. गाडी पळवून आणली की बॅटरी गरम असते, अर्धा तास थंड होऊ द्या, पोरं तेवढा वेळ कुरकुर करतील, करू द्या.

पावसाळ्यात गाडी बाहेर निघत नाही तेव्हा पॅक काढून ठेवा, रिमोटमधले सेलही. लिथियम असेल तर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका, एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धा.

जुनी मेलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, भंगारवाल्यालाही नाही, तो ती हातोड्याने फोडतो. पिनच्या किंवा कापलेल्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे नवीन पॅक घेतानाच दुकानदाराला विचारा, जुना ठेवून घेता का म्हणून. पिन तेवढी आधी कापून घ्या, पुढच्या गाडीला लागते.